आरोग्यवन ते मणिबेली : ओळख कोणी करून द्यावी?

औषधींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व अन्य वनवासी जाणतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे. मात्र केवळ नामरूप जाणणे म्हणजे औषध जाणणे नव्हे. देश, काल व पुरुष पाहून योजना करतो तोच श्रेष्ठ भिषक्, हेही ते लगेच सांगतात. म्हणजे ओळख वनवासीयाची आणि योजना वैद्याची. ही दोन ज्ञाने आज एकमेकांपासून किती दूर गेली आहेत, हे गेल्या हिवाळ्यात नर्मदाकाठी दोन दिवसांत आमच्या अनुभवास आले.

पहिला दिवस एकतानगर, म्हणजे पूर्वीचे केवडिया, येथील आरोग्यवनात गेला. ३० ऑक्टोबर २०२० रोजी उद्घाटन झालेल्या या सुमारे १७ एकरांच्या उद्यानात ३८० प्रजातींची पाच लाख झाडे लावली असल्याचे सांगितले जाते. सुगंधी वनस्पतींचा विभाग, कमळतळे, योग उद्यान अशी रचना आहे. आजोबांचे बोट धरून नातू अडुळसा पाहतो आहे, सुना-लेकी शतावरीपाशी थांबल्या आहेत, हे दृश्य पाहून समाधान वाटले. आपण रुग्णास ‘रोज चालत जा’ असे सांगतो, परंतु कोठे चालावे हे सांगत नाही. अर्धशक्ती व्यायाम बालकास, प्रौढास व वृद्धास एकाच जागी, आपापल्या गतीने करता येईल अशी स्थाने आपल्या गावांत फारच थोडी. म्हणून अशा उद्यानांचे स्वागतच केले पाहिजे.

तेथे ‘औषध मानव’ नावाची एक प्रचंड मानवाकृतीही आहे. कोणत्या अवयवास कोणती वनस्पती उपयुक्त, हे तीत दाखविले आहे. सामान्यजनांचे कुतूहल जागे करण्यास ती उत्तम. परंतु दोष, दूष्य, अग्नी व प्रकृती यांचा विचार तीत कसा मावणार? अमुक पान यकृतासाठी, तमुक मूळ सांध्यांसाठी, एवढेच घेऊन माणूस घरी परततो. उरलेले सांगणे हे उद्यानाचे नव्हे, आपले काम आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मणिबेलीस गेलो. अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव त्याच सरदार सरोवर धरणाच्या वरच्या अंगास, जलाशयाकाठी आहे. धरणामुळे बाधित झालेल्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी हे पहिले. १९९३च्या पावसाळ्यात येथील घरे पाण्याखाली गेली. पुढे शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिरही जलाशयात गेले. काही कुटुंबे पुनर्वसनासाठी गुजरातेत परवेट्यास गेली, काही वरच्या उतारावर सरकली. काठची शेते आणि काठचे रान मात्र कोणासही सोबत नेता आले नाही.

त्या उतारावर एका वृद्ध तडवी गृहस्थांनी आम्हांस कुडा दाखविला. एक नव्हे, दोन. एका झाडाच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या, तर दुसऱ्याच्या सुट्या. पहिल्याचे बी त्यांनी हातावर ठेवले. ते फारसे कडू लागले नाही. दुसऱ्याचे चावताच तोंड कडूजहर झाले. “औषधाचा हा,” ते म्हणाले, “तो दुसरा लाकडाचा.” काळा कुडा व पांढरा कुडा यांतील भेद द्रव्यगुणाच्या परीक्षेत आम्हीही लिहिला होता. झाडावर तो प्रथमच पाहिला.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून घेतलेल्या सालीचे कुटजारिष्ट आम्ही रक्तातिसाराच्या रुग्णांस दिले आणि गुण आला नाही. आम्ही दोष रुग्णांच्या पथ्यास दिला. ती साल कडू होती की नव्हती, हे चाखून पाहण्याचे आम्हांस सुचले नाही. त्या वृद्धाने ती पोत्यातच ओळखली असती.

कोणी म्हणेल, प्रमाणीकरणासाठी प्रयोगशाळा आहेत, शेड्यूल टी आहे; मग वैद्याने डोंगर कशाला चढावा? प्रयोगशाळा हवीच. पण ती आलेल्या मालाची परीक्षा करते. झाड कोणते, कोणत्या ऋतूत व किती सोलले, हे ती सांगत नाही. शिवाय बुंध्याची साल सभोवार सोलली तर झाड मरते. मग पुढच्या वर्षी पोत्यात काय येणार, याचा विचार फार्मसीच्या मालकांनीच करावयाचा आहे.

म्हणून आमचे नम्र मत असे. प्रत्येक जिल्हा शाखेने वर्षातून एकदा सहकुटुंब वनौषधी-दर्शन ठेवावे. एक दिवस उद्यानात, एक दिवस डोंगरात. डोंगरातील मार्गदर्शक त्या गावचाच असावा व त्यास व्याख्यात्याइतकेच मानधन मिळावे. फार्मसींनी गौण वनोपज शक्यतो ग्रामसभांकडून थेट घ्यावे आणि प्रत्येक पोत्यावर गाव व संग्रहकाल नोंदवावा. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील गावांचा हक्क मान्य केला आहे. त्यास रास्त भाव देणारा ग्राहक आपण व्हावे. मणिबेलीसारख्या गावाची इच्छा असेल, तर तेथील उतारावरच ग्रामसभेच्या मालकीचे वनौषधी उद्यान उभे राहू शकते. तेथे झाडे लावावी लागणार नाहीत. पायवाट, बसावयास ओटे आणि गावच्या बोलीत नावे सांगणारी माणसे एवढे पुरे. त्यासाठी संघटनेने साहाय्याचा हात पुढे करावा.

आरोग्यवनात झाडापाशी नाव वाचता येते. मणिबेलीत ते माणसाच्या तोंडून ऐकावे लागते, आणि तो माणूस वृद्ध झाला आहे. चरकाचार्यांनी ज्यांस नामरूपाचे जाणते म्हटले, त्यांच्याकडे शिकावयास जाण्यात वैद्याला कमीपणा नाही. उशीर करण्यात मात्र हानी आहे.