विश्लेषण : जुनी लष्करी सॅक ट्रेकला न्यायची, तर आधी काय बदलावे?

पाऊस ओसरला की सह्याद्रीत मुक्कामी ट्रेकचे बेत सुरू होतात. सॅकवर फार खर्च करायचा नसलेल्यांची पावले मग जुन्या बाजाराकडे वळतात. तिथली लष्करी सॅक जाड कापडाची, दणकट आणि दिसायलाही रुबाबदार असते. ती घरी आली की जादा खिसे, हुक आणि पट्टे शिवून घेण्याचा उत्साह संचारतो. पण खिसे या सॅकला आधीच पुरेसे असतात. उणीव असते ती कमरेवर वजन पेलण्याच्या सोयीची.

कंबरपट्टा इतका बारीक का?

हौशी मंडळींनी सुधारणा करून वापरलेल्या लष्करी सॅकमध्ये अमेरिकी लष्कराची ‘अ‍ॅलिस’ विशेष प्रसिद्ध आहे. ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. नायलॉनचे कापड, बाहेर तीन मोठे खिसे आणि पाठीशी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम अशी तिची रचना. मध्यम आकाराची सॅक फ्रेमशिवायही वापरता येते, मोठीला मात्र फ्रेम लागतेच.

सैनिकाच्या कमरेला आधीच एक पट्टा असे. त्यावर काडतुसांचे पाऊच, पाण्याची बाटली वगैरे लटकलेले. त्यामुळे सॅक या सगळ्याच्या वर, पाठीवर उंच बसेल अशी बेतावी लागली. तिचा स्वतःचा कंबरपट्टा सॅक हलू नये एवढ्यापुरताच राहिला आणि भार बहुतांशी खांद्यांवर गेला. कॅम्पिंगला जाणाऱ्याच्या कमरेला काडतुसे नसतात. म्हणजे शरीराचा भार पेलण्याजोगा भाग मोकळा आणि खांदे मात्र वाकलेले, अशी उलटी स्थिती होते. दोन-तीन तासांच्या चढाईनंतर खांद्यांना मुंग्या येणे, मान आखडणे याचे मूळ अनेकदा इथे असते.

म्हणून अमेरिकेतील हौशी लोक अ‍ॅलिसच्या पिशवीला नंतरच्या ‘मॉली’ या लष्करी संचातली फ्रेम, खांद्याचे पट्टे आणि रुंद कंबरपट्टा जोडतात. या जोडसॅकला ‘हेलकॅट’ असे नावही पडले आहे.

इथे ते कसे जमवायचे?

मॉलीचे सुटे भाग आपल्याकडे सहज मिळतीलच असे नाही. पण कापड फाटल्यामुळे टाकून दिलेल्या ट्रेकिंग सॅकचा कंबरपट्टा बहुधा धडधाकट असतो. तोच काढून घ्यावा. घरच्या शिलाई मशीनवर हे काम करू नये. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडच्या जड मशीनवर, नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने, चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई घालून घ्यावी. सुती दोरा ओल लागून कुजतो. पट्टा कमरेच्या हाडांवर बसायला हवा. पोटावर आवळला तर उपयोग शून्य आणि श्वास कोंडतो तो वेगळाच.

फ्रेम नसलेल्या सॅकला नुसता पट्टा लावून फार फरक पडत नाही, कारण वजन कमरेपर्यंत पोहोचवायला ताठ काही तरी लागते. घडी घातलेली कॅरीमॅट पाठीच्या बाजूने आत सरकवली तर थोडा ताठपणा येतो. तरीही अशी सॅक आठ-दहा किलोंच्या पुढे भरू नये.

जादा खिशांना विरोध का?

सुईचे प्रत्येक भोक ही पाणी शिरायची वाट असते. शिवाय जुन्या सॅकचा आतला जलरोधक थर बऱ्याचदा चिकट झालेला किंवा पापुद्रे सुटलेला असतो. त्यावर फवारे मारण्यात पैसे घालवण्यापेक्षा आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालावी. सैनिकही सामान वेगळ्या जलरोधक पिशवीत भरूनच सॅकमध्ये ठेवत.

दुसरा मुद्दा रुंदीचा. कारवीच्या दाटीतून जाताना किंवा कातळटप्प्यावर अंग चोरून सरकताना बाजूला आलेला खिसा अडकतो आणि तोल जातो. अवघड वाटेवर ही गंमत राहत नाही. फ्रेमसह मोठी अ‍ॅलिस रिकामीच सुमारे ३ किलोंची असते, म्हणजे तीन लिटर पाण्याएवढी. उन्हाळ्यात टाकी आटलेल्या किल्ल्यावर जाताना हा हिशेब आठवावा. त्यात लोखंडी हुकांची भर कशासाठी?

विकत घेताना काय पाहावे?

‘आर्मी’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक सॅक लष्कराची नसते, नव्या नकलाही भरपूर असतात. त्यात वाईट काही नाही, पण जुन्या लष्करी मालाची किंमत त्यांना देऊ नये. फ्रेमच्या वळणांवर आणि रिव्हेटजवळ तडे आहेत का, पट्टे जिथे शिवले आहेत तिथली वीण सुटली आहे का, हे पाहावे. रंग साधा हिरवा किंवा खाकी निवडावा. भारतीय लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये नव्या नक्षीचा गणवेश आणला आहे. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा पेहराव करणे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. नुसती पाठपिशवी वापरणे ही वेगळी गोष्ट, पण छावणी परिसरात नाहक चौकशी ओढवून कशाला घ्या?

पट्टा, फोम आणि मजुरी धरून खर्च नव्या ट्रेकिंग सॅकच्या जवळ जात असेल, तर नवीच घेतलेली बरी. हा खटाटोप ज्याला हाताने काही करायला आवडते आणि ज्याच्याकडे वेळ आहे, त्याच्यासाठी आहे.

सुधारलेली सॅक थेट ट्रेकला नेऊ नये. एक लिटरच्या बारा भरलेल्या बाटल्या आत रचाव्यात, कंबरपट्टा आवळावा आणि इमारतीचे जिने वीस मिनिटे चढउतार करावेत. मग खांद्याचे पट्टे थोडे सैल करून पाहावेत. सॅक लगेच खाली घसरली, तर पट्टा अजून काम करत नाही. पुन्हा शिवणाऱ्याकडे जावे लागेल.