पंक्चर चाकाचे, मोल बोटांचे

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी एका शिक्षकाला घरच्यांनी माझ्या दवाखान्यात आणले. उजव्या हाताला गुंडाळलेल्या टॉवेलमधून रक्त ठिबकत होते. टॉवेल सोडला, तर जखमेवर मूठभर हळद थापलेली. मधल्या दोन बोटांची टोके पार चेंगरली होती. गावाबाहेर गाडी पंक्चर झाली, त्यांनी रस्त्याच्या कडेला काळ्या मातीत जॅक लावला, बायको आणि मुलगा गाडीतच बसून होते. ओल्या मातीत जॅक खचला, गाडी खाली आली आणि हात चाकाखाली सापडला. पुढे शहरात शस्त्रक्रिया झाली. हात वाचला, दोन पेरे गेली. आज ते फळ्यावर लिहितात, पण खडू नीट धरता येत नाही.

आरोग्याच्या सदरात पंक्चरची कथा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, अपघात काही वेगामुळेच होतात असे नाही. थांबलेली गाडीही माणसाला जायबंदी करते. आणि याचे मूळ आपल्या एका सवयीत आहे: जिथे पंक्चर, तिथेच जॅक!

माझे म्हणणे असे, की चाक कसे बदलायचे यापेक्षा कुठे बदलायचे हे अधिक महत्त्वाचे. वळणावर, पुलावर किंवा चढाच्या टोकाला गाडी मुळीच उभी करू नका. हवा गेलेल्या चाकावर अगदी हळू चालवत पेट्रोलपंप, ढाबा किंवा मोकळी सपाट जागा गाठा. टायर फाटेल, रिम वाकेल, वाकू द्या. रिम बाजारात मिळते, पाय मिळत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे येते. तुम्ही उजव्या चाकाशी रस्त्याकडे पाठ करून बसलेले असाल, तर चालकाला तुम्ही दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. चौपदरी महामार्गावर उजवे चाक गेले, तर स्वतः हात लावूच नका. सर्वांना रस्त्यापासून दूर उभे करा आणि मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

जागा सुरक्षित असेल तर चारही इंडिकेटर चालू करा, लाल त्रिकोण निदान साठ पावले मागे ठेवा आणि माणसे उतरवा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, तिरप्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. माती मऊ असेल तर जॅकखाली जाड फळी घाला. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवा, म्हणजे जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. शेवटी ती काढून पंक्चर चाक तिथे ठेवा. हात-पाय गाडीखाली कधीही घालू नका. नवे चाक बसवल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा.

आणि निघताना ते दगड उचला! चाकाला लावलेले दगड रस्त्यावर तसेच टाकून जाणारे कितीतरी लोक मी पाहतो. अंधारात त्या दगडावर मोटारसायकल उडते, तेव्हा दगड ठेवणारा घरी जेवायला बसलेला असतो. याला मी निष्काळजीपणा म्हणत नाही, गुन्हा म्हणतो.

हृदयविकार, कंबरदुखी, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी पान्याशी झटापट करू नये. कोणाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

बोट चेंगरलेच, तर सूज येण्यापूर्वी अंगठी काढा, स्वच्छ कापड दाबून धरा, हात उंच ठेवा. हळद, चहापूड, ग्रीस काही लावू नका. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. भाग थेट बर्फात नको. १०८ ला फोन करून लवकरात लवकर मोठे रुग्णालय गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

गाडी शिकवताना आठचा आकडा काढायला शिकवतात, चाक बदलायला नाही. माझ्या मते परवान्याच्या परीक्षेतच हे करून दाखवायला सांगावे. ते होईल तेव्हा होईल. तोवर येत्या रविवारी अंगणात गाडी उभी करा, जॅक आणि पाना बाहेर काढा, स्टेपनीत हवा आहे का बघा आणि एकदा चाक बदलून पाहा. घरातल्या मुलामुलींनाही शेजारी उभे करा. रात्री पावसात शिकण्यापेक्षा ते केव्हाही बरे.