आधी तिचा पगार, मग दान



रविवारी दानाच्या थैलीत आपले पाकीट न चुकता पडते. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार? "पुढच्या आठवड्यात बघू." तिचे दोन खाडे कापणारे आपण स्वतः भरपगारी रजा घेतो.

मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा आपल्याकडे ठेवू नये, अशी आज्ञा लेवीय १९:१३ मध्ये आहे. अडवलेली मजुरी ओरडते आणि मजुरांचा आक्रोश प्रभूच्या कानी जातो, असे याकोब ५:४ बजावतो.

"तिने कुठे मागितला?" काम सुटेल या भीतीने ती गप्प असते. त्या गप्प बसण्याचा फायदा घेणे हीच अडवणूक.

देवाला आपल्या पाकिटाची घाई नाही. तिला घरभाड्याची आहे. आज तिचे पैसे द्या, मग वेदीकडे या.