शिक्षक नेमता येतात, संशोधक घडवावे लागतात

२०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. २०२५ च्या सुरुवातीस त्या १ लाख १८ हजारांच्या घरात पोहोचल्या होत्या. पाच वर्षांत आणखी ७५ हजार वैद्यकीय जागा वाढविण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. एवढ्या विद्यार्थ्यांना शिकविणार कोण? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये यावर तोडगा काढला. किमान २२० खाटांच्या शासकीय रुग्णालयात १० वर्षे सेवा केलेला पदव्युत्तर तज्ज्ञ आता सहयोगी प्राध्यापकपदास पात्र ठरतो.

याने रिक्त पदे भरतील. परंतु बुद्धिमान तरुण डॉक्टरने वैद्यकीय महाविद्यालयातच का राहावे, हा प्रश्न तसाच उरतो.

खासगी व्यवसाय न करण्याबद्दल केंद्र सरकारच्या डॉक्टरांना मूळ वेतनाच्या २० टक्के भत्ता मिळतो. मोठ्या खासगी रुग्णालयांतील प्राप्तीशी त्याची तुलना होत नाही. तिकडे वळणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. अध्यापनाचे खरे आकर्षण संशोधन हे असायला हवे, आणि नेमके तेच येथे दुर्मीळ आहे. बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड, तासिका आणि परीक्षा यांतून जो वेळ उरेल तो संशोधनाचा! पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची अट आहे. ते लिहिण्यासाठी राखीव वेळ मात्र नाही.

परिणाम उघड आहे. डॉ. समीरन नंदी व सहकाऱ्यांनी ५७९ वैद्यकीय संस्थांची २००५ ते २०१४ या काळातील कामगिरी तपासली. त्यांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता.

संशोधनाला महाविद्यालयच कशाला हवे, असे कोणी विचारील. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरील प्राझोसिनचे उपचार ग्रामीण भागात राहून जगापुढे मांडले, हे खरेच. पण असामान्य व्यक्तीच्या जिद्दीवर देशाचे धोरण उभारता येत नाही. कॉलऱ्याचे विष १९५९ मध्ये सिद्ध करणारे डॉ. शंभूनाथ डे कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक होते. अशा माणसांना जागा देणे हेच संस्थेचे काम.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयात निदान काही पदांवर आठवड्याचे दोन दिवस संशोधनासाठी राखून ठेवावेत, आणि त्या दिवसांचे रुग्णकाम सांभाळण्यास वेगळे मनुष्यबळ द्यावे. अन्यथा जागा वाढतील, पदव्या वाढतील. आपल्या रोगांची उत्तरे मात्र इतरांकडूनच मागावी लागतील.