दुचाकीचा दोर कोणाचा?

दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 मध्ये सुरू झाली आणि दुचाकीस्वारांचा खाडीचा लांबलचक वळसा वाचला. वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड हे मार्गही कोकणच्या अंगवळणी पडले. या अल्पशा प्रवासात साईड स्टँड लावून हँडल धरून उभे राहिले की भागते. मात्र 2020 मधील भाऊचा धक्का-मांडवा रो-रो सेवेने दुचाकी सुमारे तासाभराच्या सागरी प्रवासाला नेली. खाडीतली सवय समुद्रात पुरत नाही.

लाटांवर बोट कलते तेव्हा साईड स्टँडचा आधार एकाच बाजूला असतो. ओल्या लोखंडावर तोही घसरतो. पावणेदोनशे किलोंची मोटारसायकल कोसळली तर शेजारची रांग आडवी होते. मध्ये सापडलेला माणूस जायबंदी होऊ शकतो. वस्तुतः उपाय साधा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला पाचर लावावी आणि पुढचे शॉकअप किंचित दबेपर्यंत दोन्ही बाजूंचे पट्टे बोटीवरील कड्यांना ताणावेत. पट्टा हँडलच्या टोकाला बांधल्यास हँडल वळून तो सैल पडतो. स्कूटरला गिअर नसतो. तिचा ब्रेकही आवळून बांधावा लागतो.

आंतरराष्ट्रीय जलप्रवासात ‘सोलास’ करारानुसार माल व वाहने बांधण्याची मान्यताप्राप्त पुस्तिका जहाजावर असावी लागते. म्हणजेच जबाबदारी जहाजाची, प्रवाशाची नव्हे. किनारी फेऱ्यांनाही हेच तत्त्व हवे. डिसेंबर 2024 मधील ‘नीलकमल’ दुर्घटनेनंतर लाईफ जॅकेटच्या सक्तीला जोर आला. दोरासाठीही अपघाताचीच वाट पाहणे परवडणारे नाही.