बियाण्याचाही देश विचारावा

औषधी द्रव्य हाती आले की ते कोणत्या देशातले, कोणत्या ऋतूत काढलेले, हे विचारण्याचे संस्कार आपल्यावर झालेले आहेत. चरकसंहितेच्या कल्पस्थानात द्रव्यसंग्रहासाठी भूमीची परीक्षा सांगितली आहे. भावप्रकाशकारांनी तर हरीतकीच्या सात जाती देताना विजयेचा विंध्य, चेतकीचा हिमालय, पूतनेचा सिंधुदेश अशी उत्पत्तिस्थानेही नोंदविली. मात्र भोर-वेल्ह्यातील (वेल्हे तालुक्याचे नाव २०२५ मध्ये राजगड झाले) शेतकऱ्यांना बांधावर लावण्यासाठी हिरडा, बेहडा, अर्जुनाची रोपे वाटताना, त्यांचे बी कोठले, हे आपल्यापैकी कोणीही विचारीत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात अशोकाच्या नावाखाली आसुपालवाची रोपे वाटली गेली. वाटणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. पान पाहताच कळावे इतका फरक. पण टेम्पोतून जुड्या उतरल्या, भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. पाहिले कोणी?

जातीची चूक निदान दिसते. उगमाची चूक दिसायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तोवर शेतकऱ्याच्या बांधावरची जागा अडलेली असते. भोरच्या पश्चिमेस, ज्याच्या नावातच हिरडा ऐकू येतो त्या हिरडस मावळात, पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेकडे महामार्गाच्या बाजूस तो झपाट्याने कमी होतो. एका तालुक्यात इतका भेद असताना कोणत्या तरी दूरच्या कोरड्या प्रदेशातील बी घाटमाथ्याच्या वरकस जमिनीत लावणे हा देशविचाराचा अनादर नव्हे काय?

खरी अडचण बाळहिरड्याची आहे. आत आठळी धरण्यापूर्वीच कोवळे फळ काढून वाळविले की तो बाळहिरडा; म्हणजे ज्या झाडाचा सर्व बहर असा उतरला, त्यापासून बी मिळणेच नाही. आपणच तो विकत घेतो. तेव्हा प्रत्येक शिवारातील काही निकोप झाडे बियांसाठी राखावयाची, तर त्या झाडांच्या मालकास बाळहिरड्याचे बुडालेले मोल देणे न्याय्य आहे. हा भार शाखांनी उचलावा. आणि राखलेली झाडे पुष्कळ असावीत. एकाच झाडाखालची फळे वेचून पोते भरू नये.

नोंदीला साधी वही पुरते. गाव, शिवार, झाडाचा क्रमांक, फळे वेचल्याची तारीख, किती झाडांची, पेरणी कधी, उगवली किती, रोपे कोणास दिली. न उगवलेल्याचीही नोंद हवी. जांभळाचे बी ताजेच पेरावे लागते, ठेवले तर मरते; हिरड्याची कठीण आठळी भिजवूनही सावकाश उगवते. वही नसेल तर दोन्ही वेळा दोष रोपवाटिकेच्या माळ्यावर येतो.

हिरडा, बेहडा हिवाळ्यात पिकतात. पावसाळ्यातील वाटपाचा विचार जूनमध्ये करून भागणार नाही. ज्या रोपासोबत बियाण्याची चिठ्ठी नाही, ते शाखेने स्वीकारू नये, अशी माझी सूचना आहे. त्यामुळे अहवालातील आकडा घटेल. हजाराऐवजी दोनशे रोपे वाटली गेली तरी माझी हरकत नाही.