लिंक म्हणजे शिफारस, वशिला नव्हे



मालाडच्या माणसाने लिंकवर लिहावं हा जरा विनोदच आहे. पश्चिमेला न्यू लिंक रोड, थोडं खाली गेलं की गोरेगाव-मुलुंड लिंक रोड. 'लिंक' हा शब्द आम्हाला बाराखडीबरोबरच कळतो आणि त्यावरचं ट्रॅफिकही :) पण त्या रस्त्यांची एक गोष्ट वेबलाही लागू पडते. पलीकडे जाण्यासारखं काही असतं, म्हणून लोक रस्ता वापरतात. नुसता रस्ता बांधला म्हणून कुणी कुठे जात नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे ट्रेकिंगचा ग्रुप चालवणारा माझा एक मित्र. ग्रुपची साइट मीच बनवून दिलीय. त्याला कुठल्याशा एजन्सीची मेल आली : 'महिन्यात ५०० बॅकलिंक्स, गूगलच्या पहिल्या पानाची हमी.' मागितलेले पैसे म्हणजे त्याच्या चार ट्रेकची शिल्लक. त्याने विचारलं, "घेऊ का रे?" मी म्हटलं, "अजिबात नको." का, ते जरा सविस्तर लिहितो. कारण हा प्रश्न साइट बनवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी क्लायंट विचारतोच, आणि आपण "ते एसईओवाल्यांचं काम" म्हणून हात झटकतो.

मुळात लिंकला एवढी किंमत आली कुठून? १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी पेजरँकची कल्पना मांडली. शोधनिबंधाचं वजन जसं त्याचा हवाला किती जणांनी आणि कुणी दिला यावरून ठरतं, तसंच पानाचंही ठरवायचं. यात 'कुणी' महत्त्वाचं. ज्याच्याकडे स्वतःलाच कुणी लिंक देत नाही, त्याच्या शिफारशीला वजन कमी. आपल्याकडे स्थळं बघताना हेच चालतं ना? चार ओळखीच्या माणसांनी चांगलं सांगितलं की पुढे बोलणी.

पण शिफारस आली की मागोमाग वशिला येतोच. लोकांनी दिसेल त्या प्रतिसादाच्या चौकटीत लिंका चिकटवायला सुरुवात केली, म्हणून २००५ मध्ये 'नोफॉलो' आलं. म्हणजे लिंक आहे, पण ती माझी शिफारस समजू नका. २०११ मध्ये जेसी पेनी या बड्या अमेरिकन दुकानासाठी असंबद्ध साइट्सवर पेरलेल्या लिंका न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीला आणल्या आणि गूगलने ते दुकान निकालांत पार खाली ढकललं. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आला आणि असल्या लिंकांवर जगणाऱ्या कितीतरी साइट्स कोसळल्या. २०१९ मध्ये पैसे देऊन घेतलेल्या लिंकेसाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण आली. जाहिरात म्हणून लिंक घ्या, कुणाची ना नाही, पण तशी खूण करा. त्या ५०० लिंकांवर अशी खूण नसणार, हे सांगायला ज्योतिषी नको. फार तर गूगल त्या मोजणारच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. वाईट म्हणजे साइटवर कारवाई, आणि ती निस्तरायला परत पैसे.

मग आपण डेव्हलपरांनी करायचं काय? लिंक मागायच्या आधी पान लिंक घेण्याजोगं करायचं. हे काम शंभर टक्के आपलं आहे.

पहिलं, पत्ता. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये झकास दिसतो, पण कॉपी करून चिकटवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. 'मालाड' या पाच चिन्हांच्या शब्दाची ४५ अक्षरं! असला पत्ता कोण पुढे पाठवणार? मग लोक छोट्या लिंकांच्या सेवा वापरतात. गूगलच्याच असल्या सेवेने २०१९ मध्ये नवीन लिंका देणं थांबवलं आणि २०२५ मध्ये वापरात नसलेल्या जुन्या लिंका निकामी केल्या. म्हणून माझं मत : मजकूर मराठीत, पत्ता रोमन आणि आटोपशीर.

दुसरं, पत्ता बदलू नका. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी हे १९९८ मध्येच लिहून ठेवलंय. आपण मात्र नवीन फ्रेमवर्क आलं की सगळी साइट उलटीपालटी करतो, आणि वर्षानुवर्षं जमलेल्या लिंका ४०४ च्या भिंतीवर आपटतात. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट टाका. सर्च कन्सोलमध्ये तुमच्या कुठल्या पानांना बाहेरून लिंका आहेत ते फुकट दिसतं. निदान तेवढी पानं तरी जपा.

तिसरं, मजकूर हा मजकूरच ठेवा, चित्र नको. युनिकोडच्या आधी शिवाजी, किरण वगैरे फॉन्टांत लिहिलेलं पडद्यावर मराठी दिसायचं, आत मात्र भलतीच रोमन अक्षरं, त्यामुळे शोधून सापडायचं नाही. आज युनिकोड असूनही आपण अख्खी माहिती पोस्टरच्या चित्रात भरतो. म्हणजे पुन्हा तिथेच!

चौथं, लिंक साध्या 'ए' टॅगने द्या. बटणाला जावास्क्रिप्टने उडी मारायला लावली तर बॉटला ती वाट दिसेलच असं नाही. आणि लिंकेचे शब्द 'इथे क्लिक करा' असे नकोत, पलीकडे काय आहे ते सांगणारे हवेत.

एवढं झालं की उरतो खरा प्रश्न : पलीकडे आहे काय? मित्राला मी सांगितलं, त्या पैशांत मढच्या किल्ल्यावर एक चांगलं पान कर. मालाड स्टेशनहून बसने कसं जायचं, वर्सोव्याहून फेरीबोटीने कसं, आणि मुख्य म्हणजे किल्ला हवाई दलाच्या ताब्यात असल्याने परवानगीशिवाय आत जाता येत नाही. हे शेवटचं वाक्य ज्याची रविवारची फेरी वाचवेल, तो ते पान चार जणांना पाठवणारच. हरिश्चंद्रगडाचंही तसंच. पाचनईची वाट कुणासाठी, खिरेश्वरची कुणासाठी, नळीच्या वाटेला नवख्याने का जाऊ नये, हे नीट लिही. अशा पानाला लिंक मिळायला वेळ लागेल, पण ती उद्या गूगलने नियम बदलले तरी टिकेल.

यावर हमखास येणारा आक्षेप : "मराठीत लिंक देतं कोण?" आक्षेपात तथ्य आहे. मायबोली १९९६ पासून आहे, मराठी विकिपीडिया २००३ पासून, म्हणजे लिहिणारे कधीच कमी नव्हते. पण दुसऱ्याचं आवडलं की आपण ते उचलून फॉरवर्ड करतो, मूळ पानाचा पत्ता देत नाही. विकिपीडियावरच्या बाहेरच्या लिंका नोफॉलो असतात म्हणून तिकडे फिरकायचंही नाही, हा हिशेबसुद्धा चुकीचाच. त्या लिंकेवरून वाचक येतो, आणि आलेल्या वाचकाला नोफॉलो लागत नाही.

तेव्हा सुरुवात आपणच करू. पुढच्या साइटवर आपल्याला खरोखर उपयोगी पडलेल्या तीन मराठी पानांना लिंक द्या, परतफेडीची अट न घालता.

असो. फार झालं. मित्राने एजन्सीला नाही कळवलंय आणि मढचं पान लिहायला घेतलंय. तुमच्या क्लायंटला अशी मेल आली तर तुम्ही काय सांगता, जरूर कळवा!